सगळीच्या सगळी पुस्तकं

प्राचार्यांनी ग्रंथपालबाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. बसायला सांगितलं म्हणजे काहीतरी काढून घेणार, एवढं बाईंना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं.

"बाई, गुरुवारी समिती येतेय ग्रंथालय तपासायला. तुमच्या वाचनकक्षाबद्दल बोलायचं होतं."

"माझा नाही हो सर, मुलांचा आहे."

"तेच ते. मागच्या वेळी समितीनं काय लिहिलं? कपाटं अर्धी रिकामी. म्हणजे जागा जास्त झाली ना? याही वेळी तसंच लिहिलं तर तिथे बैठकांचं दालन करू. इथे किती अडचण होते बघताय ना."

बाईंनी बघितलं. दोन सोफे, तीन बाजूंना खिडक्या आणि पाय पसरून झोपता येईल असं एक टेबल. अडचण कुठे होती ते काही त्यांना सापडलं नाही. वाचनकक्ष मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी अभ्यासाला कोपरा नसलेली मुलं दिवसभर तिथे बसत. कक्ष गेला तर ती जिन्यावर बसणार, आणि जिन्यावरूनही त्यांना कोणीतरी उठवणार.

कपाटं रिकामी होती, कारण पुस्तकं वाचायला गेली होती. पण समितीला दिसतं ते कपाट. तेव्हा बाईंनी शिपाईमामांना बोलावून सूचना लिहायला घेतली: सर्वांनी सर्व पुस्तकं बुधवारपर्यंत परत करावीत.

"खाली लिहा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही," मामा म्हणाले.

"मामा, हे जरा जास्त होतंय."

"बाई, नुसतं 'कृपया' लिहिलं तर पोरं हसतात."

बाईंनी लिहिलं. सोमवारी दोनचार पुस्तकं आली. मंगळवारी रांग फाटकाबाहेर गेली. मुलं आली, मुलांचे दादा-ताई आले, ग्रंथालयाचं पुस्तक आपल्याच घरचं समजणारे प्राध्यापक मान खाली घालून आले. एक आजी भलीमोठी पिशवी घेऊन आल्या.

"माझ्या मुलाची पुस्तकं आहेत. पास होऊन बाप झाला तो, पण म्हटलं उगाच त्याची परीक्षा अडकायला नको."

बुधवारी दुपारी कपाटं भरली. मग कपाटांच्या डोक्यावर ढीग चढले, मग टेबलं गेली, खुर्च्या गेल्या, वाचनकक्ष दारापर्यंत भरला. मामा घाम पुसत आले.

"बाई, जागा संपली."

"कुठली?"

"सगळी."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. या ग्रंथालयात सगळी पुस्तकं एका वेळी कधी राहिलीच नव्हती. पाळ्यांवर काम करणाऱ्या भावंडांच्या घरात एक पलंग पुरतो, आणि एखाद्या सुट्टीला सगळी एकदम घरी येतात, तसं झालं होतं. त्या धास्तावून बाहेर आल्या आणि दाराशीच थबकल्या. कॉरिडॉरच्या दोन्ही भिंतींना लागून छातीएवढे ढीग होते. कोणी पुठ्ठा चिकटवून दिला होता, कोणी सुटलेली पानं सुईदोऱ्यानं शिवली होती, कुठल्याशा आईनं जुन्या साडीच्या कापडाचं कव्हर घातलं होतं. एवढ्या घरांतून, एवढ्या हातांतून फिरून ती आली होती. खरं तर बाईंनी डोक्याला हात लावायचा. पण त्यांचा ऊर भरून आला. मामासुद्धा हलक्या आवाजात बोलायला लागले.

"एवढी होती आपल्याकडे?"

"मलाही आजच कळतंय, मामा."

पण उरलेली ठेवायची कुठे? शेजारी एकच खोली मोकळी होती, आणि तिची चावी मामांकडे असायची.

"सर उद्या समितीला आणायला जाणार. ते गेले की ठेवू, यायच्या आत उचलू," मामा म्हणाले.

गुरुवारी ठेवायचं झालं, उचलायचं राहिलं, कारण रांग थांबेचना. त्यात वाचनकक्षात जागा न मिळालेली मुलं पुस्तकांच्या मागोमाग प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली आणि सोफ्यावर, गालिच्यावर, खिडकीत बसली. बाई त्यांना उठवायला निघाल्या तोच समिती आली.

समितीच्या अध्यक्षा म्हणजे लहानखुऱ्या, निवृत्त प्राध्यापिका. कशानंही खूश न होण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. त्या पुस्तकांच्या दोन भिंतींमधून चालायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मागच्या वेळी मीच आले होते. मला वाटलं, इथे पुस्तकंच नाहीत."

"तेव्हा ती मुलांकडे होती," बाई म्हणाल्या.

"आणि आज?"

बाईंना खोटं सुचेना. "आज तुमच्यासाठी परत मागवली. चूक झाली. ती मुलांकडेच बरी असतात."

 अध्यक्षांनी साडीच्या कापडाच्या कव्हरावरून नुसता हात फिरवला. तेवढ्यात प्राचार्यांना आपलं उघडं दार दिसलं.

"अहो, ही तर माझी—"

अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवलं. आत मुलं वाचत होती. सगळी समिती चवड्यांवर आत गेली, तिच्यामागून प्राचार्यही स्वतःच्या केबिनमध्ये चवड्यांवर शिरले. त्यांच्या खुर्चीत मांडी घालून बसलेल्या मुलीनं मान वर केली नाही.

"प्राचार्य," अध्यक्षा कुजबुजल्या, "वाचनकक्ष पुरत नाही म्हणून स्वतःची केबिन देणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

प्राचार्यांनी तोंड उघडलं.  मग ढिगांकडे पाहिलं, आपल्याकडे कौतुकानं बघणाऱ्या समितीकडे पाहिलं.

"हो, म्हणजे... मुलांना जागा नको का?" ते म्हणाले.

अहवालात ते तसंच छापून आलं. वाचनकक्षाला आता कोणी हात लावणार नव्हतं, केबिन त्याला जोडली गेली होती, आणि पुस्तकं पुन्हा घराघरांत गेली होती. प्राचार्य चार दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरले. पाचव्या दिवशी दुपारी केबिनच्या दारात येऊन घुटमळले.

"मामा, जरा बसू का आत?"

"बसा की सर. पण हातात पुस्तक लागतं."

प्राचार्यांनी हाताला लागलं ते पुस्तक उचललं आणि दोन मुलांच्या मध्ये सोफ्यावर अंग चोरून बसले. संध्याकाळी मुलं गेली. बाई कुलूप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"सर, बंद करायची वेळ झाली."

"थांबा हो," प्राचार्य पान उलटत म्हणाले, "आत्ता कुठे खून झालाय."

बाईंनी कुलूप बाजूला ठेवलं आणि दिवा लावून दिला.