सतरा बदकं

परिषदेच्या सभागृहात, हातात चार टाचण्या घेऊन, रोवेनाने आपलं पोस्टर उलगडलं आणि ती तशीच उभी राहिली. एकेचाळीस वर्षांच्या पावसाच्या आलेखाखाली, कोपऱ्यातल्या चौकटीशेजारी, अंगठ्याच्या पेराएवढ्या ठसठशीत काळ्या अक्षरांत छापलं होतं : 'हे बदक कसलं? बाबांना विचारायचं.'

वाक्य तिचंच होतं. मार्चमध्ये तिने ते फाइलमध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, अगदी बारीक, करड्या अक्षरांत. रविवारी ब्रूनी बेटावर घरी जायचं होतं, तेव्हा विचारणार होती. बाबा गुरुवारी गेले. सकाळी नऊ वाजता पर्जन्यमापक बघून आले, आकडा वहीत लिहिला, खुर्चीत बसले, ते बसलेच.

मर्व्हिन ट्रेगिअर हे बेटावरचे पोस्टमन. एकेचाळीस वर्षं त्यांनी रोज नऊ वाजता परसातला पाऊस मोजला, घरच्या वहीत टिपला आणि महिनाअखेरीला तक्ता भरून हवामान खात्याला धाडला. कोणी त्यांना त्याचा मोबदला दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. या नोंदींवर रोवेनाने पोस्टर करायला घेतलं, आणि वही नि तक्ता ताडून पाहताना घोटाळा सापडला. एका कोरड्या उन्हाळ्यात सतरा दिवस वहीत पाऊस होता, कधी चार मिलिमीटर, कधी पाच-सहा. तक्त्यात त्या सतराही दिवशी मात्र शून्य. आणि वहीत त्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने काढलेलं एक छोटंसं बदक.

विद्यापीठातली तिची विभागप्रमुख फिलिपा आडपडदा न ठेवता बोलणारी. "रो, एकाच दिवसाचे दोन आकडे निघाले की लोक सगळ्या एकेचाळीस वर्षांवरच विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, म्हातारा घरबसल्या आकडे ठोकून देत होता. कारण शोध, नाहीतर हे पोस्टर राहू दे."

कारण माहीत असलेला एकमेव माणूस गेला होता. रोवेनाने अंदाज बांधला : बेटावर रानबदकं पुष्कळ, ती मापकाच्या काठावर बसून पाणी उडवत असणार. चौकटीत तिने लिहिलं, 'सतरा नोंदी : पक्ष्यांचा उपद्रव.' बाबांना ते पटलं नसतं, हे तिला लिहितानाच कळत होतं.

मग विभागाच्या रिवाजाप्रमाणे पोस्टर चहाच्या खोलीबाहेर टांगण्यात आलं. शेजारी दोरीला लाल पेन. येणाऱ्याजाणाऱ्याने आपलं मत त्यावर लिहायचं. आठवडाभरात बावन्न मतं आणि चहाचे तीन डाग जमले. एकाने आलेख निळा कर म्हटलं, त्याखाली दुसऱ्याने निळाच का, असं विचारलं. बाबांविषयीचा परिच्छेद लांबला म्हणून दोन ओळींचा झाला, मग एका ओळीचा. शेवटी नाव तेवढं उरलं. एकमत फक्त एका गोष्टीवर झालं : अक्षरं लहान आहेत. रोवेनाच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने फाइलमधली सगळी अक्षरं एका फटक्यात मोठी आणि काळी केली. सगळी म्हणजे सगळी. बावन्न जणांपैकी एकाच्याही नजरेस न पडलेलं ते करडं वाक्यसुद्धा. आणि छापखान्याने ते इमानेइतबारे कापडावर छापून, घडी घालून दिलं.

तिने वाक्यावर एक कागद टाचून पाहिला. टाचण्या मोजून चार, चारही कोपऱ्यांच्या. एक काढली की पोस्टरचं टोक लोंबायचं. चिकटपट्टी कापडाला धरेना. तेवढ्यात लोक यायला लागले.

पहिला गृहस्थ ब्रिस्बेनचा. त्याने हसत विचारलं, "मग, विचारलं का बाबांना?"

"ते वारले. मार्चमध्ये."

गृहस्थाने हातातलं बिस्किट तिच्या हातात ठेवलं आणि काढता पाय घेतला. दुसरी बाई बराच वेळ तिचा हात धरून उभी राहिली. तिसरा क्षमा मागत मागे सरकताना शेजारच्या शेवाळावरच्या पोस्टरवर आदळला. अकरापर्यंत रोवेनाजवळ चार बिस्किटं जमली. मग लोकांची दया येऊन तिने उत्तर बदललं. "अजून नाही," ती म्हणू लागली. लोक म्हणत, विचारून टाका एकदा, आणि समाधानाने पुढे जात. दुपारपर्यंत तिला स्वतःलाच वाटू लागलं, की घरी फोन करायचा राहून गेलाय.

साडेबाराला ग्लेनिस आत्या आली. बाबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. भावाचं नाव छापून आलेलं बघायला फेरीबोटीने आली होती, आणि अंगात अंत्यविधीला घातलेला तोच निळा ड्रेस. ती चष्मा चढवून नाव शोधू लागली, तोच गुणांचा कागद घेऊन परीक्षक पोचले.

"पक्ष्यांचा उपद्रव," त्यांनी वाचलं. "एकाच उन्हाळ्यात. त्याआधी नाही, नंतर नाही. बदकं सुधारली म्हणायची का?"

"कसले पक्षी?" आत्या म्हणाली. "अगं, ती तुझी झारी."

"माझी?"

"पिवळी. बदकाच्या आकाराची. चार वर्षांची होतीस. पाऊस नाही म्हणून मर्व्ह कुंपणापाशी तोंड पाडून उभा राहायचा, तर तू संध्याकाळी जाऊन त्याच्या त्या पाऊस मोजायच्या नळीत पाणी ओतून यायचीस. मी म्हटलं, दे पोरीला एक ठेवून. तर मलाच दटावलं त्याने. सकाळी मोजून घरात यायचा नि तुला सांगायचा, रात्री चार मिलिमीटर झाला गं. तू घरभर नाचायचीस. मग खात्याला शून्य कळवायचा."

"म्हणजे खात्याकडचा एकही आकडा चुकीचा नाही," परीक्षक सावकाश म्हणाले. "मग घरच्या वहीत तरी कशाला लिहिलं?"

"पडला होता ना," आत्या म्हणाली.

परीक्षकांनी गुणांच्या कागदाकडे पाहिलं आणि काही न लिहिता पेन रोवेनापुढे धरलं. तिने 'पक्ष्यांचा' खोडून वर 'मुलीचा' लिहिलं. कापडावर शाई थोडी फुटली. शेजारच्या वाक्याला तिने हात लावला नाही. आत्या तोवर बिस्किटं कोणाची म्हणून विचारत होती आणि त्यातलं एक खातही होती.

अडीचला ब्रिस्बेनचा गृहस्थ पुन्हा आला. या वेळी बेताबेताने, कॉफीचे दोन पेले घेऊन. नवी दुरुस्ती त्याने दोनदा वाचली. काय विचारलं तर चालेल, याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"किती झाला एकूण?" शेवटी त्याने विचारलं.

"एकोणऐंशी मिलिमीटर," रोवेना म्हणाली. "त्या उन्हाळ्यात बेटावर दुसरीकडे कुठेच एवढा झाला नाही."