सोनामावशीचा गुळाचा सौदा

संगमनेरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सोनामावशीनं एकदा एस.टी.च्या कंडक्टरकडे तिकीट कमी करून मागितलं होतं. आपण अंगानं बारीक, आपल्याला जागा कमी लागते, मग पैसे पुरे कशाला, असं तिचं म्हणणं. कंडक्टरनं पैसे पुरेच घेतले, पण नाशिक येईपर्यंत तो मावशी बसली होती त्या मागच्या दाराकडे फिरकला नाही.

डॉक्टरांनाही ती सोडत नसे. ताप थोडाच होता, तर फीसुद्धा थोडी घ्यावी. पैशाची अडचण म्हणाल, तर मुळीच नव्हती. जमीन वाट्यानं दिलेली होती आणि पुण्याला नोकरीत असलेली दोन्ही मुलं नेमानं मनिऑर्डर पाठवत.

तिची खरी कुस्ती चाले ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बन्सीशेठच्या किराणा दुकानात. मावशी गुळाची ढेप नखानं टोकरून चाखायची, गूळ खारट ठरवायची आणि निम्मा भाव सांगायची. शेठ म्हणायचे, परवडत नाही. मावशी पिशवी झटकून पायरी उतरली की तेच तिला हाक मारून परत बोलवायचे. एवढ्याशा गुळाला सकाळ सरायची आणि मधल्या वेळात दोघांच्या घरची ख्यालीखुशाली होऊन जायची.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला बाजारपेठेत सहकारी भांडार उघडलं. निवडलेली डाळ, गूळ, साबण, सगळं फळ्यांवर नीट मांडलेलं आणि प्रत्येक पुड्यावर भाव लिहिलेला. आम्ही मास्तर मंडळी खूष झालो. माल चोख आणि शेठपेक्षा स्वस्त. मावशीही हौसेनं सभासद झाली.

पहिल्याच दिवशी तिनं गुळाचा पुडा उचलला आणि भाव कमी करायला सांगितलं. विक्रेत्यानं पुड्यावरचा आकडा दाखवला. हा आकडा ज्यानं लिहिला त्याला बोलवा, असं मावशीनं सांगितलं. शेवटी मॅनेजर आले. भांडार सभासदांच्याच मालकीचं असतं, म्हणून भाव आधीच कमी ठेवलेला आहे, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

"मंजे दुकान माझंच हाय," मावशी म्हणाली. "मग मालकिनीलाच का आडवता?"

मॅनेजरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. भाव काही कमी केला नाही. मावशी भरलेली पिशवी घेऊन घरी आली तेव्हा आमच्याकडे अजून सकाळचा चहा चालला होता. "स्वस्त हाय," ती माझ्या बायकोला म्हणाली, "पन लई लवकर हुतं." दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा शेठच्या पायरीवर दिसू लागली.

मग एका उन्हाळ्यात शेठना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचाही गेली. दुकानात शेठाणी बसू लागल्या. त्यांना सौदा जमत नसे. मावशीनं सांगितलेला भाव त्यांनी लगेच कबूल केला. मावशी गोंधळली. गुळाचा खडा हातात घेऊन ती तशीच आत, शेठच्या खाटेपाशी गेली. मी तेव्हा त्यांना बघायलाच गेलो होतो.

शेठ भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशीनं खाली बसकण मारली, गूळ खारट असल्याचं सांगितलं आणि कोणीही देणार नाही असा भाव बोलली. शेठ हलले नाहीत. मावशी दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. शेठाणी म्हणाल्या, जाऊ द्या बाई, त्यांना समजत नाही.

"समजतंय," मावशी म्हणाली. "भाव पटत न्हाई, म्हनून गप हायेत."

पावसाळा लागता लागता एके दिवशी मावशीनं नेहमीसारखा भाव सांगितला आणि शेठनी मान वळवली. ओठ बराच वेळ जुळत नव्हते. मग एक जड, ओबडधोबड शब्द बाहेर पडला, "न्हाई."

शेठाणींनी पदर तोंडाला लावला. मावशी मात्र मांडी बदलून सौद्याला नीट बसली.

पुढे शेठ काठी धरून पुन्हा गल्ल्यावर बसू लागले. त्याच दिवाळीत अनारशांसाठी आमच्याकडे गूळ कमी पडला, म्हणून बायको मावशीकडे मागायला गेली. मावशीनं फडताळ उघडलं. आत खालपासून वरपर्यंत बरण्या होत्या, सगळ्या गुळाच्या. काहींतला गूळ काळा पडून दगडासारखा झाला होता. एकट्या बाईला तो कितीसा लागणार?

मावशीनं त्यातली एक बरणी उचलून बायकोच्या हातात दिली.

"ही ने तू," ती म्हणाली. "मला उद्या जायाचंच हाय आनायला."