मोरवाले आणि पतंगवाले

काशिनाथभाऊंच्या जीपमध्ये तुम्ही जव्हारला बसलात, तर गाडी गावाबाहेर पडायच्या आत ते आरशातून तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "घरात कुनी इमानात हाय का?"

नवा माणूस गडबडतो. आपण बेइमान दिसतो की काय, असं त्याला वाटतं. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "विमान, विमान. विमान कंपनीत नोकरीला कुणी आहे का, असं विचारतायत." नवा माणूस सुटकेचा श्वास टाकून "नाही" म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण ज्याच्या घरात विमान कंपनीतलं कुणी नाही, त्याच्याबद्दल काशिनाथभाऊंना मनापासून वाईट वाटतं. मग मोखाडा येईपर्यंत ते त्याला या नोकरीतल्या सवलती समजावून सांगतात.

मी मोखाड्याच्या गुरांच्या दवाखान्यात आहे, राहतो जव्हारला. रोज जाताना-येताना पुढच्या सीटवर गिअरच्या दांड्याला गुडघा लावून बसतो, त्यामुळे हे प्रवचन मला पाठ आहे. काशिनाथभाऊंची एकुलती एक मुलगी, मंजुळा, मुंबईच्या विमानतळावर काउंटरला आहे. तिच्या कंपनीच्या विमानाच्या शेपटीवर मोर आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या शेपटीवर पतंग. कंपन्यांची खरी नावं काशिनाथभाऊंच्या जिभेवर बसत नाहीत. त्यांच्या लेखी एक मोरवाले आणि एक पतंगवाले.

"मोरवाले आईबापाला तिकीट देतात, पर जागा उरली तर. त्याला स्टँडबाय म्हनतात. पतंगवाले कन्फर्म देतात, पर वर्षातनं मोजून. आन पतंगवाल्यांत सासूसासऱ्याला बी हाय!"

"आणि पगार?" मी एकदा विचारलं.

"पगाराचं सोडा डाक्टर, सवलत बोला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणाचा मुलगा कारखान्यात लागला, कुणाचा जावई पोलिसात गेला, की काशिनाथभाऊंचा पहिला प्रश्न सवलतीचा. जीपमधल्या मंडळींचीही आता चांगली तयारी झालीय. बाजाराच्या दिवशी पोशेऱ्याच्या फाट्यावर एक म्हातारी कोंबडी काखेत धरून चढते. ती अजून आगगाडीतही बसलेली नाही. पण परवा तिने एका ग्रामसेवकाला ठणकावलं, "सासऱ्याला नाय मिळत तर मोरवाल्यात पोर द्यायची कशाला?"

यावरून गेल्या वर्षी एक गंमत झाली. मंजुळेला एक स्थळ आलं. मुलगा पतंगवाल्यांकडे सामान चढवायच्या कामावर. पाहुणे बसले, चहा आला, आणि काशिनाथभाऊंनी मुलाच्या बापाला थेट विचारलं, "सासऱ्याला काय मिळतं?"

मुलाचा बाप सावरून बसला. आमच्याकडे नवऱ्या मुलाकडून मुलीच्या घरी देज द्यायची रीत आहे. पण चहाचा कप खाली ठेवायच्या आत कुणी ती गोष्ट काढत नाही.

"रीतीपरमानं देऊ की," तो म्हणाला.

"रीत नको. कन्फर्म का स्टँडबाय, तेवढं सांगा."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत चुलीपाशी बसलेल्या जनाबाईंनी, म्हणजे काशिनाथभाऊंच्या बायकोने, कपाळावर हात मारला. स्थळ काही जमलं नाही. "पोरगा बरा व्हता," काशिनाथभाऊ नंतर म्हणाले, "पर त्याला सोताच्या सवलतीची म्हायती नव्हती. असा मानूस संसार काय करनार?"

एवढं सगळं असून काशिनाथभाऊ स्वतः मात्र विमानात बसलेले नव्हते. प्रयत्न झाले होते. दोन-चार महिन्यांनी एकदा ते जीप भाच्याच्या ताब्यात देत, इस्त्रीचा सदरा घालत आणि मंजुळेने काढलेलं स्टँडबायचं तिकीट घेऊन मुंबईला जात. दुसऱ्या दिवशी परत.

"काय झालं?"

"फुल्ल व्हतं. जागाच नाय."

तोंडावर निराशा म्हणून नाही. उलट जेवून उठल्यासारखे दिसायचे. मला वाटायचं, मनाला लावून न घेणारा माणूस आहे.

मग या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "डाक्टर, चला नागपूरला. मित्राला न्यायची बी सवलत हाय. मंजुळा काढून देते."

"नागपूरला कोण आहे तुमचं?"

"कुनी नाय. तिकडं इमान जातं."

मीही कधी विमानात बसलो नव्हतो. रजा टाकली, नवे बूट घेतले आणि विमानाने नागपूरला चाललोय, असं मोखाड्यात निदान निम्म्या गावाला सांगितलं.

विमानतळावर पोचल्यावर काशिनाथभाऊ अगदी सराईतासारखे चालू लागले. खुर्च्यांच्या दोन रांगा ओलांडून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांनी पकडली. समोरच काउंटर होतं आणि काउंटरमागे मंजुळा. केस चापून बांधलेले, गळ्यात मोरपंखी स्कार्फ. तिने आमच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि पुढच्या माणसाची बॅग काट्यावर घेतली.

आम्ही बसलो. काशिनाथभाऊ समोर बघत होते. आख्खा प्रवासभर तोंड मिटत नाही असा माणूस, पण इथे सवलतीचं नावही काढलं नाही. एक जाडजूड गृहस्थ जास्तीच्या वजनावरून मंजुळेवर ओरडू लागला, तेव्हा मात्र काशिनाथभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. तिने हसून, शांतपणे त्याची समजूत घातली. तसे ते परत बसले आणि माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघितलं?"

बऱ्याच वेळाने मंजुळा काउंटर सोडून आमच्याकडे आली. हातात दोन बोर्डिंग पास होते.

"बाबा, उठा. जागा आहेत आज. एक वऱ्हाड आलंच नाही. धावत गेलात तर मिळेल."

मी उठलोच. काशिनाथभाऊ बसून राहिले.

"तू तर म्हनलीस भरलेलं हाय."

"होतं भरलेलं. दर वेळी भरलेलंच विमान बघून देते ना तुम्हाला? सगळे लोक रिकामं मागतात, माझा बाप गर्दीचं मागतो. आज एकदा जाऊन या. डॉक्टरकाका पण आलेत."

काशिनाथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "डाक्टरला चक्कर येते."

मला काही चक्कर येत नव्हती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी खाली बसलो. "जरा येतेय," म्हणालो.

मंजुळा पास घेऊन परत गेली. थोड्या वेळाने नागपूरचं काउंटर बंद झालं आणि ती शेजारच्या काउंटरवर बसली. काशिनाथभाऊ एक खुर्ची सरकले.

"भाऊ, मग यायचं कशाला इथवर?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला रागही आला होता.

ते समोर बघतच बोलले. "पयलीत आश्रमशाळेत घातली तिला. सुट्टीला यायची, तर आईच्या मागं रानात जायची. मी दिवसभर गाडीवर. मंग कालेज, मंग टरेनिंग. आता खोलीत पाच जनी ऱ्हातात, तिथं बापानं कुठं बसायचं? घरी आली तर एक रात. झोपूनच काढते, दमलेली असते. इथं दिसते. तिकीट असल्याबिगर कुनी आत सोडत नाय."

मी म्हटलं, "आता काय, हवं तेव्हा येता येईल."

"आता कुठलं? पतंगवाल्यांनी बोलावलीय. हैदराबादला. वरची जागा हाय. मलाच इचारलं तिनं, जाऊ का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जा म्हनलो. त्यांची सवलत चांगली हाय, आईबापाला कन्फर्म." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. "आता इमानात बसावंच लागंल. मला लई भ्या वाटतं हो त्याचं."

दुपारी मंजुळेला सुट्टी झाली. ती आमच्यामध्ये येऊन बसली आणि काशिनाथभाऊंनी पिशवीतून फडकं काढलं. जनाबाईंनी नाचणीच्या भाकऱ्या दिल्या होत्या, खुरासणीची चटणी आणि कांदा. मंजुळा भुकेली होती, मान खाली घालून भराभर खात होती. गळ्यातला स्कार्फ सारखा चटणीवर येत होता. काशिनाथभाऊंनी पुढे वाकून त्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि तिचं जेवण होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.