सर्वोच्चाहून वरची रांग

कार्यालयात प्रिंटर एकच होता. त्यावर कोणाचा कागद आधी निघावा हे ठरवण्यासाठी एक स्वतंत्र पद निर्माण करण्यात आलं होतं. त्या पदावरच्या बाईंना सगळे प्रिंटरताई म्हणत. ताईंनी संगणकात छपाईचे दोन वर्ग पाडले, 'सामान्य' आणि 'तातडीचा'. घोडचूक झाली ती इथेच.

आठवडाभरात झाडून सगळे कागद तातडीचे झाले. लेखा विभागातल्या काकांच्या नातवाला रंगवायला हवा असलेला हत्तीसुद्धा तातडीनं निघाला. मग 'अतितातडीचा' वर्ग उघडावा लागला. तो तुंबल्यावर 'सर्वोच्च' आला, आणि तोही तुंबल्यावर, सखोल विचारविनिमयाअंती, 'सर्वोच्चाहून वरचा'. 'सामान्य' मात्र ओस पडला. कुठलाही वर्ग उपाशी राहू नये म्हणून प्रिंटर अधूनमधून प्रत्येक वर्गातलं एक पान छापून देत असे. त्यामुळे सामान्यातला कागद हां हां म्हणता बाहेर आला असता. ताई हे सांगून सांगून थकल्या.

"काका, सामान्यात टाका, लगेच येईल."

"आयुष्यभर नोकरी केली ती काय सामान्यात जायला?" काका दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत.

मग एके दिवशी ताईंवरच वेळ आली. दुसऱ्या गावी आई न्हाणीघरात पडून तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं, आणि घरात पाणी द्यायला कोणी नव्हतं. ताईंची तिकडे बदली मंजूर झाली होती. आदेश छापून साहेबांची सही घेणं तेवढं बाकी होतं. साहेब संध्याकाळी महिनाभराच्या दौऱ्यावर निघणार होते. ताईंनी आदेश सामान्यात टाकला, गरम कागद उचलला आणि धावत वर गेल्या.

साहेबांनी चष्मा चढवला. कागदाच्या कोपऱ्यात प्रिंटरनं नियमानुसार वर्ग छापला होता.

"हा सामान्य आहे, ताई."

"हो साहेब, पण सहीच तर करायचीय. आई एकटी आहे हो."

"मलाही आई आहे. पण सर्वोच्चाहून वरचे एवढे कागद पडलेत. ते डावलून सामान्यावर सही केली, तर लोक वशिला म्हणतील. आणि तुम्हीच तुमच्या आईला सामान्यात टाकलंत, तिथे मी काय करणार?"

ताईंना भडभडून आलं, पण रडायला सवड नव्हती. खाली येऊन त्यांनी तोच आदेश सर्वोच्चाहून वरच्या वर्गात टाकला. पुढे ढीगभर पानं होती. त्यांत 'तातडीच्या वर्गांचा गैरवापर टाळावा' हे परिपत्रक होतं, माणशी एक प्रत. आपला कागद वर सरकवायचं बटण ताईंच्या हाताखाली होतं, पण ते दाबायला साहेबांची लेखी परवानगी लागे, आणि ती छापून घ्यावी लागे.

रांग सरकत सरकत आली. ताईंच्या पुढे आता एकच काम उरलं, बाहेरच्या एका सज्जन गृहस्थाचा अर्ज, सहपत्रांसह. त्यांच्या इथे नोकरीला असलेल्या मेहुण्यानं तो आपल्या नावावर घुसवला होता. त्याची पानं निघत असतानाच साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली.

"चारच पानं आहेत रे, कोणाचं काय जातंय?" असं तुम्ही मेहुण्याला म्हणाला होतात, आठवतं ना? छपाई मात्र सुरेख आली होती, असं तुम्हीच घरी सांगितलंत.