सपोर्टबाहेरचा लॅपटॉप

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी खरं बोलल्यामुळे आल्या आहेत. (उरलेल्या वेळेवर न बोलल्यामुळे.) ही पहिल्या प्रकारातली.

आमच्या विद्यापीठाच्या आयटी विभागाने सगळ्यांना एक ई-मेल पाठवली. यापुढे ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीमनाच विभागाचा सपोर्ट राहील. विंडोजच्या ताज्या दोन आवृत्त्या, मॅकच्या ताज्या तीन आणि लिनक्स ज्याच्या-त्याच्या जबाबदारीवर. आपला संगणक यात बसतो का, 'हो' किंवा 'नाही' कळवावे. आमच्या परीक्षा विभागात सगळ्यांनी न वाचताच 'हो' कळवलं. मी पडलो अधीक्षक. मी ई-मेल वाचली, लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि 'नाही' कळवलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत माझं नेटवर्क बंद!

एवढी तत्परता मी नोकरीला लागल्यापासून या इमारतीत पाहिली नव्हती. माझ्या डोक्यावरचा पंखा बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्याला यायला दोन उन्हाळे लागले होते. मी लॅपटॉप काखेत मारला आणि तावातावाने आयटीच्या खिडकीशी गेलो. आत एक दाढीवाला तरुण बसला होता. तोच प्रमुख, असं नंतर कळलं.

"ही सिस्टीम आता सपोर्टेड नाही, सर," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"बिघडली तर आम्ही हात लावणार नाही."

"पण ती बिघडलेली नाही!"

"म्हणूनच. बिघडायच्या आत बदलायची."

"छान! माणसांना कधी लावणार हा नियम?"

"लावलाय की सर. अठ्ठावन्नला." (मी छप्पन्नचा आहे. निवृत्तीला दोनच वर्षं.)

"नवा लॅपटॉप देतो, सर. जुना जमा करा. अडचण काय आहे?"

"वैयक्तिक आहे," मी म्हणालो आणि निघून आलो.

त्या खिडकीत जे सांगितलं नाही ते इथे सांगतो. लॅपटॉप कागदोपत्री विद्यापीठाचा, पण घरी वापरायची बायको. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आजारपणात, बोटं चालत होती तोवर, तिने त्यात माझ्यासाठी रोजच्या सूचना घालून ठेवल्या. सकाळी नऊला 'टिंग' होतं आणि पडद्यावर येतं, 'अहो, बटणं बघा. वर-खाली लागली असतील.' दुपारी चारला, 'अहो, तिसरा चहा नको.' (दुसऱ्याबद्दल काही नाही. न्यायी बाई होती.) एवढंच. म्हणून तर तो लॅपटॉप मी घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी खांद्याला लावून नेतो. त्यात दुसरं काही नाही. पण तेवढं जमा करायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी मेहुणी आली. मी तिच्यासमोर आयटी विभागाचा यथेच्छ उद्धार केला.

"भावोजी, एवढं काय त्यात? ताईच्या सूचना नव्या लॅपटॉपवर नेता येतात. काचेची बरणी आहे का फुटायला?"

"तू माझी बाजू घे जरा."

"मी ताईची घेतेय. तिने असला जुना डबा दोन दिवसही ठेवला नसता. द्या इकडे, मी करून देते."

"माझं मी करीन," मी म्हणालो. (या वाक्याने आमच्या घरात आजवर एक मिक्सर, दोन नळ आणि पाहुण्यांचा एक पलंग गेला आहे.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी. जुना काखेतच ठेवून, नवा लॅपटॉप हातात घेऊन मी सरळ विचारलं, "यात मी काही रोजच्या सूचना ठेवल्या, तर त्या जपणार ना तुम्ही?"

"खाजगी कॅलेंडरची जबाबदारी आमची नाही, सर."

"मग कशाची आहे?"

"फक्त विद्यापीठाच्या कॅलेंडरची. त्याचा रोज बॅकअप घेतो. त्यातलं काही हरवणार नाही."

मी संतापलो. बाजारातून काल आलेली सिस्टीम तुमची, आणि माझ्या बायकोचं बोलणं तेवढं खाजगी? ठीक आहे! विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये लिहायचा अधिकार तिघांनाच आहे, आणि त्यातला एक मी, परीक्षांच्या तारखा घालण्यासाठी. त्याच दुपारी मी दोन्ही सूचना त्यात घातल्या, एक अक्षर न बदलता. 'उद्यापासून रोज' वर टिचकी मारली आणि विजयी मुद्रेने घरी गेलो. ते कॅलेंडर मी सोडून आणखी कोणी उघडतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी सकाळी साडेआठलाच बैठक बोलावली होती. विषय : सपोर्टेड सिस्टीम. मी धावतपळत पोचलो. दाढीवाला भिंतीवर तक्ता दाखवत होता, कुलसचिव डुलक्या घेत होते. आणि नऊ वाजता खोलीतले सगळे फोन एकदम 'टिंग' झाले.

'अहो, बटणं बघा. वर-खाली लागली असतील.'

कुलगुरूंनी खाली पाहिलं. मग अधिष्ठात्यांनी. कुलसचिव दचकून जागे झाले आणि त्यांनी 'हो हो, बघतो' म्हणत पोटावरचं एक बटण गुपचूप लावून टाकलं. ग्रंथपाल बाई मान खाली घालून हसत होत्या.

"परीक्षा विभागाच्या नावाने आलंय हे," कुलगुरू चष्मा काढत म्हणाले. "काय प्रकार आहे?"

मी खुलासा करायला उठलो. सगळे माझ्या शर्टाकडे बघत होते. कॉलरची एक बाजू कानाशी आली होती आणि खाली एक बटण घर शोधत लोंबत होतं.

"सूचना रास्त आहे," कुलगुरू म्हणाले. "आधी अंमलबजावणी करा."

मी भिंतीकडे तोंड करून अंमलबजावणी केली.

बैठकीनंतर दाढीवाला माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आला. "सर, कोणी लिहिलंय ते?"

मी सांगितलं.

"काढून टाकायचं असेल तर काढा," मी म्हणालो.

"कसं काढणार, सर? विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये आहे. सपोर्टेड आहे ते."

चार वाजता शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला. प्रत्येकासमोर कप ठेवत माझ्या टेबलाशी थांबला, खिशातला फोन पाहिला आणि माझा कप तसाच पुढे घेऊन निघाला.

"अरे, माझा दुसराच आहे!"

"तिसरा, साहेब," तो न वळता म्हणाला. "बैठकीनंतर कॅन्टीनच्या मागे उभ्याने घेतलात तो धरून."