समावेशनाचा शेवटचा रकाना

एकदा तरी पुरती वाट चुकल्याशिवाय माणूस समाजात नीट मिसळत नाही, असं तज्ज्ञांचं मत आहे. (तज्ज्ञ स्वतः विमानानं आले, त्यांना आणायला गाडी गेली होती.) या मताला मान देऊन कोल्हापुरात क्रीडा प्रशिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर भरलं. विषय: ओरिएंटिअरिंगद्वारे युवकांचे सामाजिक समावेशन. म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लपवलेली निशाणं शोधत पळायचं, आणि पळता पळता कडेला राहिलेल्या पोरांना आपल्यात घ्यायचं. आजवर लोक हे काम नकाशाविनाच करत होते, ही केवढी मोठी उणीव!

गडहिंग्लजचे कबड्डी प्रशिक्षक हंबीरराव अगदी मनापासून आले होते. शिबिराच्या प्रमाणपत्राशिवाय यंदा त्यांच्या संघाला जिल्हा स्पर्धेत प्रवेश नव्हता, आणि तिकडं गावात बारा पोरं दंड थोपटून बसली होती.

प्रत्येक प्रशिक्षकाला एकेक वंचित युवक जोडून देण्यात आला. हंबीररावांच्या वाट्याला कबनूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी आली. तिच्या छातीवर बिल्ला होता: 'लाभार्थी क्रमांक १७'. हंबीररावांना ही सोय फार आवडली.

"ए सतरा, चल की बिगीबिगी!"

"आले की सर."

नियम एकच होता: वाट कुणालाही विचारायची नाही. नियम योग्यच. या जिल्ह्यात 'माहीत न्हाय' असं अजून कुणी कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की माणूस पावण्याला मोठ्या प्रेमानं कुठं ना कुठं धाडतोच. हंबीररावांनी नियम इतका कडक पाळला, की सतरालाही काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी ते नकाशा उलटा धरून अडीच किलोमीटर गेले. दुसऱ्या दिवशी नकाशातला उसाचा फड शोधत बसले. (तो ऊस महिन्यामागंच कारखान्याला गेला होता.) रोज दुपारी तिनं आणलेली चटणी-भाकरी मात्र दोघांनी वाटून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, नकाशा इकडं द्या की जरा."

दहापैकी नऊ निशाणं सापडली. अहवालात नोंद झाली: 'प्रशिक्षकाचे नेतृत्व उत्कृष्ट.'

मग शेवटचा फॉर्म आला. एकेचाळीस प्रश्न. चाळीस हंबीररावांनी झपाट्यानं उरकले. एकेचाळिसावा रकाना होता, 'समाविष्ट केलेल्या युवकाचे पूर्ण नाव'. तो रिकामा राहिला तर प्रमाणपत्र नाही.

हंबीररावांचं पेन तिथंच अडलं. तीन दिवस पोरीची भाकरी खाल्ली, आता कुठल्या तोंडानं विचारायचं? त्यांनी चहावाल्या केरबाला गाठलं.

"क्रांती की! पैजेवर सांगतो," केरबा म्हणाला.

स्वयंपाकाच्या सुरेखाबाई म्हणाल्या, "वर्षाराणी. माझ्या भाचीच्या वर्गात हाय ती."

कार्यालयाच्या यादीत पाहिलं, तर तिथंही १७ च.

अखेर हंबीरराव तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. ती बुटाची नाडी बांधत होती.

"पोरी, चुकलं बघ माझं. तुझं नाव काय गं?"

"लाज वाटली व्हय सर विचारायला?"

"लई वाटली."

"मग द्या फॉर्म."

तिनं स्वतःचं, आईचं, बापाचं नाव आणि आडनाव, सगळं ठसठशीत लिहिलं. रकाना पुरला नाही, तेव्हा समासात गेली. वर म्हणाली, "आमच्याकडं पोरींचा कबड्डी संघच न्हाय, सर."

"काढू की! तूच कप्तान," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांना फार दिवसांनी मोकळं वाटलं.

प्रमाणपत्र संध्याकाळी मिळालं. शिबिर शंभर टक्के यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. चोवीस प्रशिक्षकांपैकी तेवीस जणांनी तो रकाना अंदाजानं भरला, एकानं विचारून.

मुलीचं नाव आता कार्यालयात नोंदलेलं आहे, आणि विचारणाऱ्याला ते तत्काळ, विनामूल्य सांगण्याची व्यवस्था आहे. आपण ही हकिकत इथवर वाचलीत, तिनं निशाणं शोधली तेव्हा आपल्याला बरंही वाटलं असेल. मात्र आपल्याकडून तशी विचारणा अद्याप आलेली नाही.