तरसशेठच्या खड्ड्यातली कमळं

कुणीतरी तळ्यातले किडे मारले. कुणी, ते मी सांगणार नाही. तो हे वाचत असेल तर एव्हाना त्याने पान उलटलं असेल. तुम्ही मात्र उलटू नका, बाळांनो.

एका जंगलात सगळ्यांची गटारं एकाच तळ्याला मिळत. तळ्यात बारीक बारीक किडे राहत. ते आलेली सगळी घाण खात आणि चांगलं पाणी खालच्या ओढ्यात जाऊ देत. त्या ओढ्यात भागी बेडकीने अंडी घातली होती.

मग तरसशेठने रंगाचा कारखाना काढला. सशांना वाघाचे पट्टे, रानडुकरांना हरणाचे ठिपके. रांगा लागल्या. खुद्द सिंहमहाराजांनी आयाळ सोनेरी करून घेतली.

जंगलाचा एक नियम होता. रंगाचं पाणी आधी कारखान्यातल्या खड्ड्यात निवळायचं, मगच गटारात सोडायचं. कारण किड्यांना घाण पचते, रंग पचत नाही.

तरसशेठने खड्डा खणला. सुरेख खणला! जंगलातला एकुलता एक झरा त्यात वळवला, कमळं लावली. रंगाचं पाणी मात्र खड्ड्याला वळसा घालून थेट गटारात.

तपासनीस बगळा आला. आधी निरोप पाठवून आला, कारण तो सभ्य होता.

"वा, शेठ! पाणी कसं आरशासारखं!" एवढं बोलून, खड्ड्यातले दोन मासे खाऊन तो गेला.

इकडे किडे मेले. तळं नासलं, ओढा जांभळा झाला. भागीची निम्मी अंडी काळी पडली. ती उड्या मारत दरबारात पोचली.

"महाराज, शेठचं पाणी बंद करा! माझी उरलेली पोरं तरी जगू द्या!"

महाराजांनी आयाळ सावरली. "तळं साफ ठेवणं कुणाचं काम?"

"किड्यांचं. पण ते मेले ना!"

"न विचारता?" महाराज गरजले. "नोटीस काढा त्यांना. कामावर गैरहजर!"

"मेलेल्यांना नोटीस?"

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

भागी काय करणार? आता जंगलात स्वच्छ पाणी एकाच जागी उरलं होतं. तिने वाचलेली अंडी पाठीवर घेतली आणि शेठच्या खड्ड्यात, कमळांखाली नेऊन ठेवली.

पोरं जगली. खड्डाभर इवल्या शेपट्या वळवळू लागल्या. बगळ्याने त्या पाहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न खाता तो दरबाराकडे धावला.

तरसशेठला 'जलमित्र' पुरस्कार मिळाला. हार घालायला भागीलाच बोलावलं.

"हसा की जरा," शेठ तिच्या कानात म्हणाला. "खड्डा माझा आहे."

भागी हसली.

तात्पर्य : घाणीसाठी खड्डा जरूर खणावा. फक्त त्यात घाण टाकू नये. पुरस्कार घ्यायला स्वच्छ जागा लागते.

हे तात्पर्य कारखान्याच्या फाटकावर रंगवून झाल्यावर रंगारी माकड खाली उतरलं आणि म्हणालं, "ब्रश गटारातच धुतो, शेठ. खड्डा उगाच खराब व्हायचा."